आधी रोवणा सरू दे

दादाचं दुखणं उलटलं, तेव्हा ते ओळखायचं काम माझं होतं आणि ते मी हसत हसत चुकवलं. हसत हसत म्हणजे अगदी शब्दशः. त्या आठवड्यात माझ्याइतका खुशीत आसगावात कोणी नव्हता.

त्याआधी दोनेक वर्षं माझ्या या मोठ्या भावाचं डोकं पहिल्यांदा बिघडलं, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात त्याच्याजवळ मी राहिलो होतो. तेवढ्या भांडवलावर मी गावात मनाच्या आजारांचा जाणकार झालो. प्राथमिक शाळेचा मास्तर. न विचारता सांगायची सवय होतीच. "माणूस कोपऱ्यात बसला, जेवेना, बोलेना, की समजायचं," असं मी पारावर सांगत असे. झोप उडाली, उत्साह उतू जाऊ लागला तरी लगेच आणा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढं मी माझ्या व्याख्यानातून वगळलं. उत्साहाला आजार म्हणायला मास्तराची जीभ वळत नव्हती.

ऐंशी साल उलटलं होतं. भाताच्या रोवण्याचे दिवस, आणि लावणीला बाया मिळेनात. दादा उजाडायच्या आत धानाच्या बांधीत उतरे. भाताची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधी, चिखल करी आणि मग बायांच्या रांगेत वाकून स्वतः रोवू लागे. हे काम आमच्याकडे पुरुष करत नाहीत.

"भाऊजी, लुगडं आणून देऊ का?" एकीने टोमणा मारला.

"आण ना! पण हिरवं आण, धानात शोभंन!"

सगळी रांग हसली. शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभा असलेला मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. शेजाऱ्याला म्हणालो, "पाहा, गोळ्यांपेक्षा मातीचा गुण मोठा."

दुपारी दादा माझ्याजवळ आला. शिदोरी तशीच बांधलेली होती.

"मले नागपूरले घेऊन चाल," तो हळूच म्हणाला. "झोप नाही येऊन राहिली. मागच्या बारीलेबी आधी असंच मस्त वाटलं होतं."

"मस्त वाटते म्हणून कोणी दवाखान्यात जाते का?"

"मले भेव वाटून राहिलं, बाबू."

"काहून भेतं? पऱ्हे वाळून जातील. आधी रोवणा सरू दे, मग जाऊ."

तो पुन्हा चिखलात उतरला. मी छत्री या हातातून त्या हातात घेतली, एवढीच माझी मेहनत.

दोन-तीन दिवसांनी तो शेजाऱ्याच्या बांधीत शिरला. रांगा वाकड्या आहेत म्हणून रुजलेलं धान मुठीमुठीने उपटू लागला. अडवायला गेलेल्यांच्या अंगावर धावला. शेवटी चौघांनी त्याला धरलं आणि दोर मी आणला. गाठही मीच मारली. शाळेत पोरांना शिकवतो तीच, पक्की. जो माणूस स्वतःच्या पायांनी यायला तयार होता, त्याला मी बैलबंडीत बांधून अड्याळला नेलं आणि तिथून मोटारीने नागपूरला. वाटेत लोक विचारत, तेव्हा मी सांगे, "अचानकच झालं हो."

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तोवर दादा घरी आला होता. मनगटावरचे वळ गेले होते. हात गोळ्यांनी थोडे कापत. दुपारी अंगणात तो तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मी समोर बसलो आणि तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं: "दादा, त्या वेळची परिस्थितीच अशी होती, की मजुरांचा तुटवडा आणि..."

"गुर्जी, हे पोरांले सांगा," तो शेंगेवरची नजर न हलवता म्हणाला.

भाषण तिथेच संपलं. बराच वेळ मीही शेंगा सोलल्या. मग म्हणालो, "दादा, तू मले सांगितलं होतं. मले समजलंबी होतं. पण तू दोघांचं काम करून राहिला होता, म्हणून मी तुले नेलो नाही. वरून बांधलो. चुकलो मी. आता तू चाल म्हणशील, तवा हातातलं टाकून निघीन."