दुपारचा फवारा आणि बाचा अंगठा

"ए, हाई काय करी ऱ्हायना तू? बागमा कचरा कोनी टाका?"

आप्पा ओरडले. आप्पा म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. तापीकाठी बागायती, तालुक्याच्या गावात दोन मजली घर, घरासमोर बाग. बाग नगरपालिकेची, हुकूम आप्पांचा. माझा बा त्या बागेत ठेकेदाराकडून माळी होता. जास्वंदीच्या बुंध्यांशी त्याने वाळका पाचोळा पसरला होता, चांगला वीतभर जाड. आमच्या डोंगरात सगळे असंच करतात. मातीला ऊन लागत नाही, ओल टिकते, चार दिवस पाणी नाही दिलं तरी झाड तग धरतं. एवढं सगळं बाला सांगायचं होतं. पण बाची भाषा पावरी, मराठी मोडकीतोडकी.

"ओल... राहते," एवढंच म्हणाला.

"ओल ऱ्हास! तू माले शिकाडस? झाडू ठेवी दे. एक एक पान वेच."

संध्याकाळची वेळ. बायका फिरायला आलेल्या. पोरं सायकली थांबवून बघत होती. बा उकिडवा बसला, एकेक पान उचलायला लागला, सदऱ्याच्या ओच्यात टाकायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस. गुडघे दुखायचे त्याचे. एक बाई म्हणाल्या, "अहो, टोपलं तरी द्या त्याला." आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी, सवय शे त्याले." सगळे हसले.

मीही हसले. हो, मीच. लोणखेड्याच्या कॉलेजातून नुकतीच आले होते, अंगात इस्त्रीचा ड्रेस, हातात पाण्याचा पाइप. मला त्या बायकांतली व्हायचं होतं, उकिडव्या बसलेल्या माणसाची पोरगी नव्हतं व्हायचं. बाने मान वर केली नाही. पण हसू ओळखायला मान वर करावी लागत नाही.

दोन उन्हाळे गेले. गावात पाणी आठवड्यातून दोनदा यायला लागलं आणि नगरपालिकेने बागांसाठी नियम काढले. गेटवर फलक लागला. लॉन कमी करा. झाडांना ठिबक लावा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाणी बंद. आणि वा रे वा, बुंध्यांशी पालापाचोळ्याचं आच्छादन सक्तीचं! शिकलेला माणूस शहरातून आला, पडद्यावर चित्रं दाखवून हे सांगून गेला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. बा मागे उभा होता, चहाचे कप गोळा करत. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला आठवण करून दिली नाही.

फलकाच्या शेवटच्या ओळीत मात्र बाचं नाव होतं. "पाण्यासाठी जबाबदार व्यक्ती: माळी," आणि पुढे पूर्ण नाव. गावात कुठे आमच्या माणसाचं नाव रंगवून लावत नाहीत. मी फोटो काढला, मैत्रिणींना दाखवला. मूर्ख मी! बाला अडकवायला खुंटी केली होती ती, हे मला कळलं नाही.

मग आप्पांच्या नातीचा साखरपुडा ठरला. मांडव लॉनवर. लॉन पिवळं पडलेलं. भर दुपारी एक वाजता आप्पा स्वतः पंपाच्या खोलीत आले आणि फवाऱ्यांचा कॉक फिरवून गेले. मी खोलीतच होते, कारण त्या खोलीत आम्ही राहायचो. पंप एका कोपऱ्यात, चूल दुसऱ्यात. बा मागे धावला. गेटवरच्या फलकाकडे हात करून म्हणाला, "दहा ते पाच नाही, आप्पा." आप्पांनी ऐकलंच नाही. फवारे चालू झाले. उन्हात ते पाणी गवताला लागायच्या आधीच वाळत होतं.

अर्ध्या तासात नगरपालिकेचे साहेब आले. कुणीतरी तक्रार केली होती. कॉलनीचं कनेक्शन तुटणार होतं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. आप्पांची अहिराणी एकदम पुस्तकी मराठी झाली. "साहेब, आदिवासी माणूस आहे. डोंगरातला. याला वेळ कळत नाही."

वेळ कळत नाही! पहाटे चारला उठून बागेला पाणी पाजणाऱ्या माणसाला!

साहेबांनी कागद काढला. 'नियम माहीत असूनही मी दुपारी लॉनवर फवारे सुरू ठेवले. यात कॉलनीतील अन्य कोणाचाही दोष नाही.' खाली अंगठ्याची जागा.

"याला वाचून दाखवलं का?" साहेबांनी विचारलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "वाची दखाड तुन्हा बापले." मग जवळ येऊन हळू, "खोली पाहिजे ना तुमले?"

मी कागद हातात घेतला. वाचला. कॉलेजची परीक्षा तोंडावर होती. खोली गेली तर कुठे जायचं, कॉलेज सुटणार, परत डोंगर चढायचा, एवढंच डोक्यात. बा कागदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी पावरीत म्हणाले, "काही नाही बा. हजेरीचा कागद आहे."

साहेबांना पावरी कळत नव्हती. आप्पांनाही नाही. बाने शाईत अंगठा बुडवला आणि मी दाखवलेल्या जागी टेकवला. नीट उमटला नाही म्हणून साहेबांनी पुन्हा टेकवायला लावला.

खोली? आठ दिवसांत गेली. काम त्याच संध्याकाळी गेलं. मला वसतिगृहात जागा मिळाली, बा गावी गेला. पण बाच्या आधी बाचा फोटो गेला, कागदावर अंगठा टेकवतानाचा. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता, खाली लिहून, 'पाणी वाया घालवणारा माळी'. तो फिरत फिरत मोलगीच्या बाजारात पोचला. बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या माणसांनी पाहिला.

आमच्या गावात पाट आहे. दगडमातीचा, डोंगराच्या कडेकडेने ओढ्याचं पाणी शेतांपर्यंत आणणारा. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. बाने बागेच्या कामाला यायच्या आधी कितीतरी वर्षं त्या पाटाची राखण केली होती, आणि परत गेल्यावर गावाने ती त्यालाच द्यायची ठरवली होती. आमच्यात कुणाच्या हातून पाणी वाया गेलं तर त्याला कुणी पकडत नाही, लिहून घेत नाही. सगळे पाटावर जमतात तेव्हा तो स्वतः उठतो, म्हणतो, "माझ्या हातून गेलं." एक दिवस पाटाची दुरुस्ती करतो. विषय संपला.

गाव वाट बघत बसलं, बा उठेल म्हणून. बा उठला नाही. केलंच नव्हतं तर काय सांगणार? गावाने त्याला खोटारडा ठरवलं. राखण दुसऱ्याला दिली. कुणी शिवी दिली नाही, भांडण नाही, फक्त पाटाची गोष्ट निघाली की त्याच्यासमोर सगळे गप्प व्हायचे.

होळीला मी घरी गेले. बाने विचारलं, "पोरी, त्या कागदावर काय होतं?"

"हजेरी," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

"बरं," बा म्हणाला. विडी पेटवली. मग म्हणाला, "वाचताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस."

त्या पावसाळ्यात तो तापाने गेला. गावात एका माणसालाही त्याने सांगितलं नाही की कागद पोरीने वाचला होता. एवढं सांगितलं असतं तर त्याचं नाव सुटलं असतं. माझं गेलं असतं. त्याने माझं वाचवलं, आणि ते मला आजतागायत सहन होत नाही.

मी शिकले. त्याच ठेकेदाराकडे लागले, बागांची मुकादम म्हणून. नियम पाठ, नोंदवही माझ्याकडे, ठिबकची नळी कुठे तुंबली ते चालता चालता कळतं. तीच बाग, तेच आप्पा, आता पिकलेले. सगळं ठीक चाललंय म्हणायचं. पण काहीही मोठ्याने वाचायला गेले की माझ्याच आवाजात आधी ते ऐकू येतं. औषधाची बाटली वाचताना. एसटीची पाटी वाचताना. काही नाही बा, हजेरीचा कागद आहे. मी थांबते, घसा खाकरते, लोक म्हणतात, मॅडमला खोकला झालाय.

या उन्हाळ्यात पुन्हा भर दुपारी फवारे लागले, माझ्यादेखत, आप्पांच्याच हाताने. पाहुणे येणार होते आप्पांकडे. पुन्हा साहेब आले, नवे होते. पुन्हा कागद. या वेळी अंगठा रेमतीबाईचा हवा होता. रेमतीबाई आमच्याच बाजूची, विधवा, बागेत तण काढते. फवाऱ्याचा कॉक कुठे असतो हेसुद्धा तिला माहीत नाही.

"वाची दखाड तिले," आप्पा मला म्हणाले. किती सहज!

मी कागद घेतला. रेमतीबाई माझ्याकडे बघत होती, अगदी बा बघायचा तशी, भरवशाने. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि पावरीत वाचायला लागले. प्रत्येक ओळ. मोठ्याने. तू पाणी वाया घालवलंस असं यात लिहिलंय. दुसऱ्या कुणाचा दोष नाही असं लिहिलंय. अंगठा दिलास तर तुझं काम जाईल. रेमतीबाईने हात पदराखाली घेतला.

"काय वाची ऱ्हायनी तू?" आप्पा.

"जे लिहिलंय ते."

"तुन्हा बापनी तर गुपचूप अंगठा दिन्हा व्हता!"

"दिला. कारण मी खोटं वाचलं." हे मी मराठीत म्हणाले, साहेबांना कळावं म्हणून. "फवारे तेव्हाही आप्पांनीच लावले होते. आजही त्यांनीच. मी दोन्ही वेळा पाहिलंय."

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेले. अर्ज लिहून नेला होता. त्या जुन्या कागदावर माझ्या बाचा अंगठा फसवून घेतला आहे, फसवणारी मी आहे, पाणी कुणी सोडलं ते मी पाहिलं आहे, कागद रद्द करा. खिडकीतल्या क्लार्कने दोनदा वाचला.

"मॅडम, यात तुम्हीच अडकाल."

"अडकू द्या. पोच द्या."

पाट साफ करायला गाव पुढच्या आठवड्यात जमणार आहे. मी जाणार. बा उठला नाही त्या जागी मी उठून उभी राहणार आणि सांगणार, पाणी बाच्या हातून गेलं नाही, बाचं नाव माझ्या हातून गेलं. गाव तोंड फिरवील कदाचित. आमची पाळी काढून घेईल. घेऊ दे. माफी मागायला मी चाललेली नाही, आणि कुणी दिली तरी मला ती नको. नगरपालिकेच्या त्या फाइलीतून बाचा अंगठा निघेपर्यंत मी अर्ज करत राहीन, आणि प्रत्येक अर्जाखाली माझी सही असेल, पूर्ण नावाची.