विहिणींची वाट चुकली

रत्नाबाई मगदूम हालोंडीच्या. चालणं त्यांच्या पायांना नवं नव्हतं; पण डोईवर काही न घेता चालता येतं, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी, २००६ च्या जानेवारीत कळलं. त्या साली श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. कोल्हापुरातून शंभरेक माणसं पायी निघाली. पाचशे किलोमीटरच्या वर वाट, आणि सगळं सामान टेम्पोत.

पहाटे शहर सोडून उचगावजवळ आल्यावर रत्नाबाईंनी डोक्याला हात लावून बघितलं. वैरणीचा भारा नाही, भाकरीची पाटी नाही, धुण्याचं गठुळं नाही.

"भाग्यश्री, डोस्कं उडून चाललंय बघ माझं!" त्या सुनेला म्हणाल्या आणि एकट्याच हसत सुटल्या. लेकानं, सम्मेदनं आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट लुगड्याखालून असे काही पळत होते, की गोकुळ शिरगावात दुपारचं जेवण उरकून निघाल्यावर सगळ्या बायका मागं पडल्या.

एक सोडून. पद्माक्का. भाग्यश्रीची आई, गडहिंग्लजची. म्हणजे रत्नाबाईंची विहीण. पोरांच्या लग्नापासून सहा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. समोर आल्या तर 'जय जिनेंद्र' म्हणायच्या, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. रत्नाबाई चार पावलं पुढं गेल्या, की पद्माक्का पाच टाकायच्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, पण दोघीही पळायच्या बेतात आल्या होत्या.

पुढं एक झेंडा फडफडताना दिसला. आपलाच टेम्पो म्हणून दोघी त्याच्यामागं आडवाटेला वळल्या. तो झेंडा उसाच्या ट्रॅक्टरचा निघाला. ट्रॅक्टर थांबला तो थेट गुऱ्हाळापुढं.

गुऱ्हाळावरच्या ज्ञानूनं दोघींना बघून हाक मारली, "या की पावणं! सख्ख्या भनी काय वो?"

"न्हाय!" दोघी एकदम ओरडल्या.

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं. ज्ञानूला काय कळणार? त्यानं उसाच्या पानावर गरम गुळाचे दोन गोळे आणून दिले. पद्माक्कांनी आपला गोळा चवीनं तोंडात टाकला आणि त्यांचं तोंडच मिटलं. गूळ कवळीला असा चिकटला की वरचं दातांचं फळकूट खालच्याला सोडेना. त्या हातवारे करत "उं... उं..." करायला लागल्या.

रत्नाबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग पदर तोंडात कोंबला. शेवटी मटकन खालीच बसल्या. "अगं बया! सहा वरसं बोलायचं न्हाय म्हणून बसलासा, आन् आज बोलायचं म्हणलं तर दात धरून ठेवलं की!"

पद्माक्कांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण खांदे हसण्यानं गदगदत होते. रत्नाबाईंनी आपल्या बाटलीतलं गाळलेलं पाणी त्यांना घोट घोट पाजलं. कवळी सुटली तशी पद्माक्का म्हणाल्या,

"यव्वा! आता सांगा. काय चुकलं हुतं माझं?"

"लग्नात माझ्या ताटात जिलेबी न्हवती. वरमाईच्या!"

"वाढपी इसरला. मी सोता ताट भरून घिऊन आलते, तवर तुमी पंगतीतनं उठून गेलतासा!"

"आलतासा?"

"आलते की! ते ताट घिऊन मांडवात अर्धा तास हिंडत हुते."

भरलं ताट घेऊन नटूनथटून मांडवभर हिंडणारी पद्माक्का रत्नाबाईंच्या डोळ्यांपुढं आली, आणि हसण्याची दुसरी लाट आली. ती पोटात दुखेपर्यंत थांबली नाही.

सहा वर्षांचं बोलणं साचलेलं. ऊन कधी कललं, कळलंच नाही. "कागलला जायचंय न्हवं?" असं ज्ञानूनं विचारलं, तेव्हा दोघी ताडकन उठल्या. मुक्काम कागलच्या शाळेत होता आणि दिवस बुडाल्यावर जेवण नाही, हा दोघींचा नेम.

इकडं भाग्यश्रीनं सम्मेदला फोन लावला होता. "माझी आई आन् आत्याबाई दोघी एकदम गायब हाईत. कुठंतरी उसात भांडत बसल्या असत्याल!" शिरोलीच्या फाउंड्रीतलं काम टाकून तो तसाच गाडीवर निघाला. हमरस्त्यावर त्याला दिसलं ते असं: आई आणि सासू हातात हात घालून, धापा टाकत, खिदळत चालल्यात.

"बसा गाडीवर, एकेकीला सोडतो."

"चालायचा नेम हाय," आई म्हणाली.

"आन् आमचं बोलणं राहिलंय," सासू म्हणाली.

बिचारा गाडी ढकलत त्यांच्यामागनं चालला. शाळेच्या दारात पोचल्या तेव्हा सूर्याची वरची कड तेवढी उसावर उरली होती. भाग्यश्री ताटं वाढून उभीच होती. ओरडावं की रडावं तिला कळेना. दोघींनी उभ्या उभ्याच वरणभात संपवला, आणि शेवटचा घास गिळताना एकमेकींकडं बघून पुन्हा हसू फुटलं. भात नाकात गेला.

पुढचे सगळे दिवस त्या अशाच चालल्या, सगळ्यांच्या पुढं. फरक इतकाच, की आडवाट आली की यात्रेचा आयोजक धावत येऊन हात आडवा धरायचा.