फेन्सपाशी वाकलेला मी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकबाहेरच्या शेतांत रात्री कोल्हे मारायचं काम करणारा माझा शेजारी कधी स्वस्थ उभा राहत नाही. बोलतानाही हातातल्या किल्ल्या खुळखुळवत असतो. परवा त्याने बंदुकीवर लावायच्या, अंधारात अंगाची उष्णता टिपणाऱ्या दोन थर्मल दुर्बिणी ट्रायलवर आणल्या, एक लहान लेन्सची, एक मोठ्या लेन्सची. हलकी म्हणून त्याला लहानच पसंत होती. बंदूक घरी ठेवून तो मला शेतावर घेऊन गेला.

"काका, त्या फेन्सपाशी जाऊन प्लीज फॉक्ससारखे वाका."

गुडघे कुरकुरले, तरी वाकलो. तिथवर ऐकू येणाऱ्या किल्ल्या अचानक थांबल्या. परत आलो तेव्हा तो लहान दुर्बीण खोक्यात भरत होता.

"का रे, नको?"

"यात तुम्ही नुसता गरम ठिपका दिसलात, काका. तुम्हीच आहात हे माहीत असूनही माझं बोट चाप ओढायला वाकलं होतं."