जपानीचा तास बसत नाही

गिरीराजराव जगताप बेंगळुरात येलहंक्याच्या एका शाळेत संगणक शिकवतात, पण त्यांना ओळखतात ते टाइमटेबलवाले म्हणून. पूर्वी प्लायवूडच्या फळीवर रंगीत चिठ्ठ्या टाचायचे, आता स्क्रीनवर चौकोन सरकवतात. मे महिन्यात बाकीचे शिक्षक गावाला गेलेले असतात आणि हे रिकाम्या स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून कोणाचा तास कोणाच्या तासावर आदळतोय ते शोधत असतात. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलंच. घरी मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड असं मुरलंय की पुण्याहून आलेला माणूस निम्मं वाक्य ऐकतो आणि निम्मं अंदाजाने घेतो.

शाळेत एक वाक्य फार चालतं: टाइमटेबलमध्ये बसत नाही. मुख्याध्यापिकांना नाचाचा तास नको असला की त्या हेच सांगतात. कोणाला शनिवारी यायचं नसलं की तोही हेच सांगतो. गिरीराजरावांना हे वाक्य टोचतं. त्यांच्या मते न बसणारं असं फार थोडं असतं. कोणीतरी हलायला तयार नसतं, एवढंच.

यंदा त्यांना पेचात टाकलं ते नववीच्या भाषांनी. भाषेचा तास सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी असतो. घंटा झाली की वर्ग फुटतात; फ्रेंचवाले वरच्या मजल्याकडे पळतात, जर्मनवाले लायब्ररीशेजारी, आणि मूठभर जपानीवाले प्रयोगशाळेमागच्या खोलीत. नववीत घेतलेली भाषा दहावी होईपर्यंत बदलता येत नाही. त्यामुळे पालक आधीच पुढच्या कॉलेजांचा हिशेब मांडून येतात. मागे सगळे फ्रेंचकडे धावले होते, यंदा जर्मनकडे. त्यात जपानी शिकवणाऱ्या रक्षिता मॅडमनी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सकाळचे वर्ग धरले. तिथून अख्खं शहर ओलांडून जेवणाच्या सुट्टीआधी येलहंक्याला पोचणं कोणालाच जमणार नाही. म्हणजे साऱ्या नववीचा भाषेचा तास दुपारी न्यायला हवा. गिरीराजरावांनी तो नेला. मे संपता संपता एकेक चौकोन जागेवर पडला, आणि त्या दिवशी घरी जाताना ते चक्क गुणगुणत होते.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात शंतनु गोगटे त्यांना भेटायला आले. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, इंदिरानगरात कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी.

"सर, तुम्ही मराठी आहात असं कळलं," ते म्हणाले. "खूप बरं वाटलं."

शाळेत मराठी कानावर पडली की गिरीराजराव विरघळतात. "बसा की. कॉफी घेणार स्वल्प?"

कॉफी आली. गोगटे मुद्द्यावर आले. मुलगी मैत्रेयी नववीत. सहावीपासून जपानी शिकतेय. पण त्यांनी बराच अभ्यास केला होता. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी कमी, मात्र भाषा चांगली यायला हवी. आत्ता सुरू केलं तर बारावीपर्यंत चार वर्षं मिळतील.

"मग तिला सांगा की," गिरीराजराव म्हणाले.

"सांगून बघितलं. ती म्हणते, पवित्रा मॅडम सांगतात की एकच भाषा शेवटपर्यंत नेलेली कॉलेजांना आवडते. काउन्सेलरनेच असं म्हटल्यावर मी काय बोलणार? भांडण नको वाटतं, सर. तुम्ही फक्त म्हणा, जपानी टाइमटेबलमध्ये बसत नाही. तुमचं ऐकेल ती."

नाही म्हणायला हवं होतं. पण समोरचा माणूस मराठीत बोलत होता, कॉफी अर्धी झाली होती, आणि गिरीराजरावांच्या तोंडून कन्नड होकार निघून गेला, "सरी, बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैत्रेयीला बोलावून ते वाक्य सांगितलं. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "कुठे बसत नाही, सर?"

"म्हणजे?"

"म्हणजे नेमकं कुठे अडतं? मी बघू शकते का?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. बसत नाही म्हटलं की लोक हळहळत किंवा चिडत, आणि निघून जात. यंदाची फाइल उघडणं शक्य नव्हतं. तिथे जपानी ऐसपैस बसलेलं होतं. त्यांनी मागच्या वर्षीची उघडली; तिच्यात भाषेचा तास सकाळीच होता.

"ये, बस. रक्षिता मॅडम दुपारीच येऊ शकतात. आता हलव."

मैत्रेयी खुर्ची ओढून बसली. भाषेचा तास तिने शेवटी टाकला तर खेळाचे तास आडवे आले. एक अलीकडे घेतला तर फ्रेंचच्या बाई त्याच वेळी आठवीवर. "यांना सकाळी आठवी दिली तर?" ती स्वतःशीच पुटपुटत होती. गिरीराजराव बाजूला बसून बघत राहिले. मध्येच त्यांनी लाडाची कन्नड हाक मारून विचारलं, "पुट्टी, जपानीच कशाला गं?"

"त्यात मोजायचे शब्द वेगवेगळे असतात. पेन्सिली मोजायला एक, कागद मोजायला दुसरा. हे कोणी ठरवलं असेल, असं सारखं वाटत राहतं." तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "सर, तुमची कॉम्प्युटर लॅब सकाळी पहिल्या तासाला घेतली तर चालेल?"

गिरीराजराव दचकले. मे महिन्यात शेवटी गाठ सुटली ती तिथेच.

"चालेल," ते म्हणाले.

"मग बसतंय की सर."

त्यांनी यंदाची फाइल उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे आधीपासूनच बसलेलं होतं?"

"हो."

"बाबा आले होते का?"

गिरीराजरावांनी गोगट्यांना फोन लावला. गोगटे मुलीला न्यायला फाटकापाशी येऊन थांबलेच होते. ते वर आले, स्क्रीन पाहिला, मुलीचा चेहरा पाहिला.

"साहेब, जपानी बसतंय," गिरीराजराव म्हणाले. "मी खोटं बोललो तिच्याशी. आता काय ठेवायचं ते तुमच्या तोंडून सांगा."

गोगट्यांनी बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "मला जर्मन हवं होतं," ते शेवटी मुलीला म्हणाले.

"हे मला का नाही सांगितलंत? टाइमटेबलला कशाला सांगायला लावलंत?"

"तू भांडली असतीस."

"असतेच. बाबा, मला जर्मनीला जायचंय की नाही हे मी आत्ता कसं सांगू? तुम्हाला दहावीत माहीत होतं, बेंगळुरात येणार ते?"

"दहावीत मला पायलट व्हायचं होतं," गोगटे म्हणाले, आणि मग गिरीराजरावांकडे वळले. "राहू दे सर जपानी. पण हिने बारावीनंतर जर्मनीचं नाव काढलं तर..."

"तर मी तेव्हा शिकेन."

"एका वर्षात होत नाही ते, मैत्रेयी."

"कोणी सांगितलं? कुठे वाचलंत, दाखवा."

दोघं बोलत बोलतच जिन्याकडे निघाले. गिरीराजरावांनी यंदाचं टाइमटेबल छापायला दिलं. मशीन कुरकुरत कागद बाहेर टाकत होतं, आणि खालच्या मजल्यावरून बापलेकीचं भांडण चांगलं स्पष्ट ऐकू येत होतं. ते खिडकीशी जाऊन ऐकत उभे राहिले. मुलीची बाजू जरा वरचढ वाटत होती.