नाक पाहिजे, घाई नको

शालूबाई सोनुने यांना कुत्रं हवं होतं, पण अंगावर धावून जाणारं नको होतं. देऊळघाटच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीत हे कुणालाच पटत नव्हतं. धावून जात नसेल तर मग बकरीच पाळा, असं लोक म्हणत.

शालूबाईंचं वय अठ्ठावन्न. घरापासून साडेतीन किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर त्यांची सीताफळाची एकशे चाळीस झाडं आहेत. ती त्यांनी बियांपासून वाढवली. पहिले तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून घातलं. हंगामात त्या दिवस उजाडायच्या आधीच निघतात. चढ चढतात, सगळ्या बागेतून एक फेरी मारतात, मग उंबराखाली पोत्यावर बसतात. डोळा उघडलेली, म्हणजे तयार झालेली फळं एका बाजूला, कच्ची दुसऱ्या बाजूला. मध्ये भाकर, एक डुलकी. चालणं भरपूर, पण धावपळ नाही. घरात पाच मिनिटं सलग बसायला न मिळालेल्या बाईला हा दिवस फार मोलाचा वाटतो.

गेल्या दिवाळीत तो दिवस मोडला. तेव्हा त्यांचे पती महादेवरावही बागेत जात. सोबत काळ्या नावाचं कुत्रं. काळ्याला अस्वलाचा वास लागला आणि तो भुंकत झुडपात घुसला. अस्वल उलटलं. काळ्या जीव घेऊन पळाला तो थेट मालकाच्या पायांत. पाठोपाठ अस्वल आलं. काळ्या मागच्या मागे निसटला. महादेवरावांचा डावा डोळा गेला, आणि डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

वस्तीनं यातून एवढंच घेतलं, की कुत्रं कमजोर होतं. शालूबाईंचं म्हणणं वेगळं होतं.

"आस्वल आलं नाही," त्या म्हणत. "कुत्र्यानं आणलं."

यंदा महादेवराव बागेकडे फिरकायला तयार नव्हते. मुलगा अविनाश वाळूजला कंपनीत आहे. त्यानं फोनवर मुदत घातली. घटस्थापनेपर्यंत बरं कुत्रं मिळालं तर ठीक, नाहीतर बाग झाडावरच व्यापाऱ्याला द्यायची. म्हणजे तोडणी त्याची, माणसं त्याची, शालूबाईंनी तिकडे जायचं नाही. महादेवरावांनी मान डोलावली. हातात एकवीस दिवस होते.

पहिलं कुत्रं अविनाशच्या मित्रानं बुलढाण्याहून आणलं. मोठं, केसाळ, दिसायला भारदस्त. शालूबाई त्याला घेऊन चढाला लागल्या. दुसऱ्या किलोमीटरला त्याची जीभ बाहेर आली, आणि बागेत पोचल्यावर ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत जे पडलं ते उठेना. परत येताना शालूबाईंनी त्याला वाटेत दोनदा पाणी पाजलं. "बिचाऱ्याची चूक नाही," म्हणाल्या. "त्याले कोट घालून उन्हात पाठवलं."

दुसरं त्यांचा धाकटा दीर शेषराव घेऊन आला. धनगरांच्या तळावरून, नखं मोजून. कुत्र्याला सहसा अठरा नखं असतात. मागच्या दोन्ही पायांना अंगठ्याचं जास्तीचं नख असलं की ती वीस होतात, आणि वीस नखांचं कुत्रं वाघालाही भीत नाही, अशी या भागात पक्की समजूत आहे.

"वहिनी, मोजून घ्या," शेषराव म्हणाला. "टाळूही काळा हाय. असं जनावर जिल्ह्यात नाही सापडायचं."

"मोजू कशाले भाऊजी, चालवून पायते."

हा कुत्रा, शेरू, चालायला उत्तम होता. चढ तो दोनदा चढला, दोनदा उतरला. पण बागेत तो एक क्षण बसला नाही. शालूबाई पोत्यावर बसल्या की हा झुडपात. एक रोही, म्हणजे नीलगाय, दिसला तसा त्याच्या मागे पार डोंगरापर्यंत गेला. पाऊण तासानं आला तो सुसाट, आणि शालूबाईंच्या पाठीमागे येऊन दडला. त्यांनी मागे वळून कुत्र्याकडे पाहिलंच नाही. तो ज्या झुडपातून आला होता तिकडे त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. काही आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी दोर शेषरावच्या हातात दिला.

"काऊन? काय कमी हाय यात?"

"कमी काहीच नाही. जास्त हाय."

शेषराव रागावला. शेरू त्यानं स्वतःलाच ठेवला. त्याचं तुरीचं वावर बागेला लागूनच आहे. शालूबाईंनी एकच अट घातली, की वाटेनं जाताना कुत्रं दोरावर असलं पाहिजे.

चार दिवस उरले होते तेव्हा शालूबाईंनी भुरी पाहिली. देऊळघाटच्या स्टँडजवळ गोकुळचं चहाचं हॉटेल आहे. तिथे बाकाखाली तीन वर्षांची, राखाडी रंगाची गावठी कुत्री पडलेली होती. शालूबाई एसटीची वाट पाहत तासभर बसल्या होत्या. ट्रॅक्टर गेला, भांडी पडली, दोन कुत्री भांडली. भुरीनं प्रत्येक वेळी डोकं उचललं, नाक वर केलं, वास घेतला आणि डोकं परत ठेवलं. गोकुळनं सांगितलं, की रोज सकाळी ती दूधवाल्याच्या सायकलमागे तीन गावं फिरून येते.

"न्या की मावशी. पण एक सांगतो, भजे पाहून उठंल ते. आस्वल पाहून नाही."

"मले तेच पाहिजे."

दोन दिवस शालूबाई तिला बागेत घेऊन गेल्या. ती पुढे चालायची, चार हातांच्या वर लांब जात नसे, आणि त्या बसल्या की बसायची. त्यांनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची सुई टोचून घेतली. अविनाशनं फोटो मागवला आणि तो पाहून फोन केला. म्हणाला, "आई, हे कुत्रं हाय का उशी?" अखेर ठरलं, की आठवडाभर पाहायचं. पण व्यापारी सहाव्या माळेला बाग बघायला येणारच होता. त्याला अविनाशनं नको म्हटलं नाही.

पाचव्या माळेच्या सकाळी सव्वासहाला शालूबाई बागेच्या अलीकडच्या नाल्यापाशी पोचल्या. नाला अजून वाहत होता, त्यामुळे पुढचं काही ऐकू येत नव्हतं. भुरी नाला ओलांडून थांबली. एक पाय उचललेला, नाक वाऱ्यात, शेपटी खाली. भुंकली नाही. शालूबाई जिथे होत्या तिथेच थांबल्या. समोर काही दिसत नव्हतं. भुरी मागे सरकत आली आणि त्यांच्या नडगीला टेकून उभी राहिली. तिचं अंग ताठ झालं होतं, हे त्यांना लुगड्यातून कळत होतं.

मग फांदी हलली. वीस पावलांवर अस्वल होतं, पडलेली सीताफळं खात होतं. पलीकडे त्याच्या निम्म्याएवढं पिल्लू.

शालूबाईंनी एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला पाठीमागून शेरूचं भुंकणं आलं.

शेषराव वावराकडे निघाला होता. शेरू दोरावर होता, पण दोर तुटेल इतका ताणत होता. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं.

"सोडू का?" शेषराव ओरडला. "वहिनी, सोडू का?"

शालूबाईंनी मागे न पाहता तळहात खाली दाबला. आवाज मोठा न करता म्हणाल्या, "धरा. हात तुटला तरी धरा."

शेषरावनं दोराचे दोन वेढे मनगटाला मारले आणि तो खाली चिखलात बसला. शेरू उड्या मारत होता. दर उडीला दोर मनगटात रुतत होता. अस्वल एकदा कुत्र्याकडे, एकदा शालूबाईंकडे तोंड करी. त्यानं फूत्कार टाकला. पिल्लू त्याच्या मागे आलं. भुरीनं शेरूच्या भुंकण्याला साद दिली नाही आणि जागाही सोडली नाही. ती हलली असती तर अस्वल तिच्याकडे वळलं असतं, आणि ती शालूबाईंना चिकटून होती.

मिनिटभरानं, कदाचित दीड मिनिटानं, अस्वलानं पुढचे पाय टेकले. ते वळलं आणि डोंगराच्या बाजूला चढू लागलं. पिल्लू मागोमाग. झाडी हलायची थांबली तरी शालूबाई हलल्या नाहीत.

शेषरावच्या मनगटाची कातडी निघाली होती. तरी तो बोलायचा थांबला नाही. "सोडलं असतं ना वहिनी, तर पिटाळलं असतं त्यानं."

"हाव. पिटाळलं असतं. आन् आस्वल उलटलं असतं तर कोनापाशी आलं असतं ते?"

शेषरावनं शेरूचा दोर आखूड केला.

महादेवरावांना हे सगळं शेषरावनंच सांगितलं. हाताला हळद लावून घेत, एकही शब्द न वगळता. शालूबाई चुलीपुढे होत्या. आता बाग गेली, असं त्यांनी धरलंच होतं. अस्वल दिसलं, एवढं कारण पुरेसं होतं.

महादेवरावांनी शालूबाईंना दोनच प्रश्न विचारले.

"तुले पहिले कोनं सांगितलं, आस्वल हाय म्हून?"

"भुरीनं."

"दिसायच्या किती आधी?"

"चार-पाच पावलं आधी. तेवढ्यात थांबले म्हून नाल्याच्या अलीकडं राह्यले."

त्यांनी भुरीकडे पाहिलं. ती दाराशी आडवी पडली होती. मग म्हणाले, "अंधारात नाही जायचं. ऊन पडल्यावर जायचं."

"बरं," शालूबाई म्हणाल्या. तीस वर्षांत वेळेबद्दल त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं.

फोन महादेवरावांनी उजव्या हातानं लावला. अविनाश कामावर निघत होता. त्याला त्यांनी अस्वलाचं काही सांगितलं नाही.

"त्या व्यापाऱ्याले सांग, उद्या येऊ नको. बाग झाडावर द्यायची नाही. माल कवा उतरवायचा, ते तुही माय ठरवंल."