मदत केली तर नापास

मी बोट उचललंही नव्हतं, तेवढ्यात अनघाने कागद बदलला.

"मी कुठे दाबलं?" मी विचारलं.

"तुम्ही दाबणारच होतात ना, आजी."

"मी चष्मा वर करणार होते."

मागे उभे असलेले नागराज सर हसले नाहीत. ते अनघाला शिकवणारे. माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, मुलांशी सोप्या इंग्रजीत, तेवढं मला कळतं. ते म्हणाले, "अनघा, तू इथे मशीन आहेस. मशीन आजीच्या मनातलं ओळखतं का? फायनलला हे केलंस तर मी तुला पास करू शकणार नाही."

अनघा "सॉरी सर" म्हणाली आणि लगेच माझ्याकडे वळली. "आजी, पाणी देऊ?"

सरांनी कपाळाला हात लावला.

माझं काम सांगते, नाहीतर हे कळायचं नाही. महादेवपुऱ्यात एक ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे मुलंमुली यूएक्स डिझाइन शिकतात. मला समजलं ते एवढंच: वस्तू वापरणारा माणूस कुठे अडतो ते बघायचं आणि मग वस्तू बदलायची. माणूस बदलायला जायचं नाही. ही मुलं फोनवरची अ‍ॅप बनवतात. आधी खरं अ‍ॅप बनवत नाहीत, त्याचं सोंग बनवतात. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. बटण दाबलं की पुढचं चित्र येतं, मागे काहीच नसतं. त्यात रक्त तपासायला माणूस बोलावला तर कोणी येत नाही. सुरुवातीला हे सोंग कागदावरच असतं. मी कागदावरच्या बटणावर बोट ठेवायचं आणि समोरच्या मुलाने तो कागद उचलून पुढचा ठेवायचा. तोंड उघडायचं नाही.

मी ते सोंग वापरून बघणारी. टेस्ट यूजर म्हणतात. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कन्नडमध्ये. मराठी वाचायला वडिलांनी घरी शिकवलं. पुढे पीण्या भागातल्या एका कारखान्यात पार्ट तपासायला होते. चांगला इकडे, खराब तिकडे. खराब पार्टवर कोणी रागावत नाही आणि त्याची कीवही करत नाही. रिटायर झाल्यावर शेजारच्या बाईबरोबर सहज या सेंटरमध्ये गेले. ती प्रत्येक अ‍ॅपला "छान आहे हं, चेन्नागिदे" म्हणायची. पोरांनी एवढ्या कष्टाने केलंय, नावं कशी ठेवायची, असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांदा तिला बोलावलं नाही. मला बोलावलं. तेव्हापासून येलहंक्याला घराखाली त्यांची कॅब येते.

अनघा पुण्याकडची. मुलगी हुशार. चित्रं स्वच्छ, अक्षरं मोठी, रंग डोळ्यांना न टोचणारे. तिची अडचण वेगळी होती. मोठ्या माणसाला अडलेलं बघून तिला बसवत नव्हतं. कप घेताना माझा हात जरा थरथरला की कप तिच्या हातात. मी खुर्चीवरून उठायच्या आधी ती उठायची. घरात अशी मुलगी असावी. टेस्टमध्ये नसावी. टेस्ट घेणाऱ्याने एकदा सांगून टाकलं की माणूस कुठे अडणार होता ते कायमचं झाकलं जातं.

तिच्या बॅचमधल्या एकाला एक कंपनी घेणार होती. घरी येऊन रक्त नेतात त्या कामाचं अ‍ॅप बनवणारी कंपनी. फायनल टेस्ट त्याच विषयावर होती आणि कंपनीच्या मॅडम ती बघणार होत्या. नापास झालं तर पुढच्या बॅचमध्ये बसता येत होतं, पण कंपनी तोपर्यंत थांबणार नव्हती. अनघा नोकरी सोडून आली होती. जुनी जागा भरली गेली होती. हे सगळं तिने मला लिफ्टची वाट बघताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

फायनलच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"आजी, तुम्हाला एक लिंक पाठवलीये. प्लीज एकदा बघून ठेवाल?"

"कसली?"

"माझ्या प्रोटोटाइपची. म्हणजे उद्याची."

"ते उद्या बघायचं असतं."

"हो, पण अ‍ॅक्चुअली... तुम्ही अडला नाहीत ना, तर मला बोलावंसंच वाटणार नाही. मग माझ्याकडून चूक होणार नाही."

हिशोब बरोबर होता. मी म्हटलं, "मी अडणारच नसले तर मला कॅब पाठवून कशाला बोलावतात? तुमच्या वॉचमनला बसवा."

"आजी, माझं सगळं यावर आहे."

"म्हणूनच नाही."

ती म्हणाली, "माझी आजी पाणी मागायच्या आधी मी तांब्या नेऊन द्यायचे. सगळे कौतुक करायचे. आणि आता तुमच्यासमोर बसून तुमची फजिती बघत राहायचं. हात आपोआप जातो हो पुढे."

"मग हात मांडीखाली घालून बस."

"सिरीयसली?"

"मग काय तर. आणि फजिती माझी नसते. टेस्टच्या आधी तूच ते वाक्य म्हणतेस ना?"

ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं. टेस्ट तुमची नाही, अ‍ॅपची आहे. प्रत्येक मुलगा सुरुवातीला म्हणतो. त्यावर विश्वास फार थोड्यांचा असतो.

मी लिंक न उघडता पुसून टाकली आणि भाजी फोडणीला घातली.

दुसऱ्या दिवशी छोट्या खोलीत आम्ही दोघीच. एक टेबल, दोन खुर्च्या, वर कॅमेरा. सर आणि कंपनीच्या मॅडम शेजारच्या खोलीत टीव्हीवर बघत होते. अनघाने वाक्य म्हटलं. मग काम सांगितलं, "तुम्हाला उपाशी पोटी शुगर तपासायची आहे. घरी माणूस बोलवा. करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला." आणि खरोखरच दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

फोन तिचा होता, अक्षरं कन्नड. पहिलं पान सोपं. शुगरचं बटण मोठं होतं. दाबलं. पत्ता आधीच भरलेला होता. बरं झालं. मग वेळेचं पान आलं.

"दुपारी बारा. दुपारी दोन. चार," मी वाचलं. "उपाशी पोटी रक्त द्यायला दुपारी चारची वेळ? तोवर मी चक्कर येऊन पडेन."

अनघाचे हात मांडीखालीच.

"सकाळ कुठे आहे? सकाळ नाहीच." मी वर बघितलं, खाली बघितलं. पान वर-खाली होत नव्हतं. "बारा दाबू का? नको. मी बारापर्यंत बसणार नाही. हे अ‍ॅप बनवणाऱ्याने सकाळी नाश्ता केलेला दिसतो."

अनघाचा चेहरा लाल झाला. तिला हसू आलं नव्हतं.

सकाळच्या वेळा बाजूला होत्या, हे मला नंतर कळलं. आजच्या उरलेल्या वेळा आधी दिसत होत्या. बोटाने पान आडवं सरकवलं की उद्याची सकाळ येत होती. सरकवायचं हे सांगणारं तिथे काही नव्हतं, ना बाण ना शब्द. तिच्या वयाची मुलं न सांगता सरकवतात. मी का सरकवीन?

मी परत मागच्या पानावर गेले. परत आले. तेच. खोलीत एसीचा आवाज तेवढा. अनघाची खुर्ची करकरली. ती पुढे झुकली, मग मागे गेली. तिला किती त्रास होत होता ते मला दिसत होतं. पण मी माझं काम करत होते. मला येत नव्हतं तर येत नव्हतं.

शेवटी घरी जे करते तेच केलं. फोन तिच्यापुढे धरला. "घे. तूच कर."

तिचे हात मांडीखालून बाहेर आले. तिने फोन घेतला. अंगठा पानावर गेला. मी बघत होते. शेजारच्या खोलीतही बघत असणार.

अंगठा तसाच राहिला. मग तिने फोन हळूच टेबलावर ठेवला, माझ्याकडे तोंड करून.

"आजी, मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?"

"मंजुअण्णाला सांगितलं असतं."

"ते कोण?"

"आमच्या घराखाली औषधाचं दुकान आहे, तो. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची अ‍ॅपं तोच करतो. म्हणतो, अक्का, स्वल्प थांबा, गिऱ्हाईक सोडतो आणि करतो."

"तुमच्या फोनवर करतात?"

"छे. माझं नेट रडत चालतं. त्याच्याच फोनवर करतो."

अनघाने विचारलं, "मग रक्त घेणारा माणूस आल्यावर फोन कुणाला करतो?"

"मंजुअण्णालाच. नंबर त्याचा ना. मागच्या खेपेला तो आंघोळीला गेला होता. रक्तवाला रस्त्यावर उभा राहून त्याला फोन करत बसला, मी वर उपाशी बसले. मग रक्तवाला निघून गेला. मंजुअण्णा म्हणाला, सरी बिडी अक्का, जाऊ द्या, उद्या करू. मी चिडून इडल्या खाल्ल्या."

"आणखी कुणाकुणाचं असं होतं?"

"सगळ्यांचं. म्हणून तर सगळे त्याच्यावर ओरडतात. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

ती आणखी विचारत गेली. मंजुअण्णा नाव कुणाचं घालतो, वय कुणाचं, रिपोर्ट कुठे येतो. रिपोर्टही त्याच्याच फोनवर येतो. तो दुकानातून वर हाक मारून सांगतो, अक्का, शुगर वाढली. सगळ्या रस्त्याला कळतं. हे सांगताना मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडे असंच चालतं. अनघा मात्र ताठ बसली होती. हात आता टेबलावर होते आणि स्थिर होते.

मग सर आणि मॅडम आत आले. मॅडम साध्या, पण डोळे बारीक. त्या इंग्रजीत बोलल्या, सरांनी मला कन्नडमध्ये सांगितलं.

"काम पूर्ण झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "वेळ निवडता आली नाही."

"हो," अनघा म्हणाली. वेळेचं पान चुकलं हे तिने स्वतःच सांगितलं. सबब सांगितली नाही.

"आणि तू मध्येच फोन हातात घेतलास. ही मदत नाही का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "सुभद्राम्मा, तुम्हाला काय वाटतं? तिने मदत केली?"

"केली असती तर माझी सकाळची वेळ ठरली नसती का?" मी म्हटलं. "मी दिला म्हणून तिने घेतला. मोठ्या माणसाने पुढे केलेली वस्तू काय खाली पडू द्यायची? घेतला आणि ठेवला. दाबलं काही नाही."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम थोड्या हसल्या. मग त्यांनी अनघाला विचारलं, "आता काय बदलशील?"

"सकाळ पुढे आणीन. आणि दोन नंबर घेईन. बुक करणाऱ्याचा वेगळा, रक्त देणाऱ्याचा वेगळा. रिपोर्ट कुणाकडे जायचा तेही विचारीन. माझं अ‍ॅप धरून चाललं होतं की फोन ज्याचा, रक्त त्याचंच."

त्या दोघी बोलत राहिल्या. माझं काम संपलं होतं. मी चहा मागितला. या वेळी तो वॉचमनने आणला, कारण अनघाचं लक्षच नव्हतं. चांगलं लक्षण होतं.

निकाल संध्याकाळी लागला. अ‍ॅप नापास, अनघा पास. कंपनीने तिलाच घेतलं. तिने फोनवर रडतरडत सांगितलं. मी म्हटलं, रडून झालं की फोन कर, आवाज नीट येत नाही.

काही महिन्यांनी कंपनीत ते अ‍ॅप नव्याने तयार झालं. तपासायला तिने मला बोलवायचं म्हटलं, पण नियमाने मी बाद. ज्याला आतलं माहीत झालं तो टेस्टला चालत नाही. मग तिने मंजुअण्णाला बोलावलं. दुकान बायकोवर सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून तो महादेवपुऱ्याला गेला.

परत आला तो थेट माझ्या दारात.

"काय अक्का, कसल्या पोरीकडे पाठवलंत! मी एका ठिकाणी अडलो. तीन वेळा विचारलं, मा, पोरी, आता काय दाबू? ती नुसती बघत बसली. वर मलाच विचारते, तुम्हाला काय वाटतं? अशांना नोकरी देतं कोण?"

"तेच यायला लागलं म्हणून दिली," मी म्हटलं.

त्याला पटलं नाही. तो खाली गेला आणि दुकानात थांबलेल्या म्हाताऱ्याचा फोन हातात घेऊन स्वतःच दाबायला लागला. त्यालाही दोष नाही. म्हाताऱ्याचं काम झालं. फक्त म्हातारा कुठे अडला होता, ते आता कुणालाच कळणार नाही.