शेरा: भाकरी तुटते
तो मंत्री झाला हे मला भवानी पेठेतल्या पानवाल्यानं सांगितलं. "साहेब, तुमच्या हापिसातलेच की ते!" मी "व्हय" म्हणालो आणि पान तोंडात कोंबलं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं.

सोलापूरच्या ज्वारी संशोधन केंद्रात आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो होतो. माझ्यापेक्षा हुशार होता म्हणाल तर, छे! पण कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीकडचा गडी, मराठी-कानडी फडाफडा बोलायचा. शेतकरी त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी नोंदवही घेऊन बांधावर. त्यात एका दुष्काळी साली मी तयार केलेलं ज्वारीचं वाण उभं वाळलं. त्याचं कणसांनी वाकलं.

वाण मंजूर व्हायचं तर शेवटची परीक्षा भाकरीची. दाणा मोत्यासारखा असला तरी थापताना भाकरी तुटली, तर आमच्याकडं त्याला कोण विचारतो? त्या वर्षी ते काम माझ्याकडं आलं. मी त्याची ज्वारी घरी नेली. बायकोनं भाकऱ्या थापल्या, पातळ, टम्म फुगलेल्या. "लई ग्वाड ज्वारी हाय की हो," ती म्हणाली. मी तीन भाकऱ्या हाणल्या, हात धुतले आणि अहवालात लिहिलं: भाकरी तुटते.

वाण नापास झालं. तो एवढंच म्हणाला, "तुझ्या घरी थापली ना? मग खरंच असणार." सहा महिन्यांत त्यानं राजीनामा दिला. मला वाटलं, गेली ब्याद! तर हा निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला आणि पुढं मंत्रीही झाला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! मी आपला त्याच खुर्चीत.

मग एका दुपारी लाल दिव्याची गाडी आमच्या बोळात शिरली. "वहिनी, भुकेजलोय," म्हणत तो सरळ पाटावर बसला. बायकोनं भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. पहिला घास घेतला आणि तो थांबला.

"वहिनी, ही ज्वारी कुठली?"

"तुमचीच की, भावजी! यांनी आणली होती, त्यातली ओंजळभर मी माहेरी धाडली. भाऊ दर साली तीच पेरतोय. आमी तीच खातोय."

इतकी वर्षं मी तीच खात होतो! तिला बिचारीला माझा शेरा कुठं ठाऊक? त्यानं माझ्याकडं बघितलं. ओरडेल, शिव्या घालेल, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

निघताना त्यानं रुमालात थोडी ज्वारी बांधून घेतली. "वहिनी, भाकरी तुटत नाही हो हिची."

"अगंबाई, कशाला तुटंल?" ती हसली.

मग तो गाडीत जाऊन बसला. अख्खा बोळ त्याला बघायला जमला होता. मीही दारात उभा होतो, मान खाली घालून. आणि एवढं सगळं झाल्यावरही, लाज वाटायच्या आधी, मेला त्या लाल दिव्याचा हेवाच वाटला.